परतीचा शॉट

शाळेतून आम्हां नऊ पोरांना जेटीवर आणून उभं केलं.
मी अकरा वर्षांची. परकर कंपनीचा, हिरवा,
कमरेला चार पिना.
हिरो तरीत बसला, इनास डिसोजाने वल्हं टाकलं,
भोंग्यातून कुणी ओरडलं : हात हलवा,
तो टोकामागं जाईस्तोवर हलवा.
तो टोकामागं गेला. कॅमेऱ्यावर फडकं पडलं.
थांबा, असं कुणी म्हणालंच नाही.
आम्ही हलवत राहिलो
रिकाम्या खाडीला.

मालवणात सिनेमा लागला, वाडी ट्रक करून गेली.
शेवटी पडद्यावर मोठी थोरली इनासची पाठ,
बनियनला भोक, तेसुद्धा दिसलं,
आणि तिच्या पलीकडे हिरोचं डोकं, सुपारीएवढं.
येतो, म्हणाला होता.
आला का, ते दाखवलं नाही.

ते मग आम्हीच दाखवत बसलो, बत्तीस वर्षं.
जुवाटकराच्या हॉटेलात तो तीनदा परत आला,
एकदा दाढी वाढवून, एकदा दुबईहून.
माझी आई त्याला सरळ बुडवायची :
‘येतंय’ म्हणणाऱ्याचा दर्यार काय खरा नसता.
बाबांचा ट्रॉलर आला नाही त्या वर्षापासून
तिने बुडवणं सोडलं.
मग तो यायचा. दर वेळी जेवणाच्या वेळेला.

आता कंपनी पुन्हा आलीय. भाग दुसरा.
मी डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींची तिकिटं फाडते,
माझ्याच काउंटरवर त्यांनी छत्र्या ठेवल्या.
पूल झाला तशी तर बंद पडली,
आमच्या ‘जर’ला आता ‘तर’ नाही.
कानात वायर घातलेला पोरगा म्हणाला,
पुलाचं टेन्शन नको, तो कॉम्प्युटरवर पुसू.
इनास हसला, खोकला येईपर्यंत :
पंधरा वर्सां अर्ज केलव ह्या पुलासाठी,
तुमी एका रातीत पुसतलास?

शिळ्या कढीला ऊत आणू नये म्हणतात.
पण माशाचं सार आमच्याकडे
दुसऱ्या दिवशीच खरं लागतं.
दुसऱ्या दिवशी, हां. बत्तीस वर्षांनी नाही.
जुवाटकर म्हणतो, करूंदे, चार दिवस चहा खपतो.
त्याचंही खोटं नाही.
मला एवढंच वाटतं, आईला विचारायला हवं होतं
त्यांनी, ती होती तोवर.
तिच्याकडे हिशेब होता
तो कोणत्या भरतीला येतो, किती भात खातो.

शॉट साधा : हिरो परत येतो.
केस काळे कुळकुळीत, गुडघ्याला पट्टा,
दोघांनी धरून तरीत बसवला.
जाताना नाविकाची पाठ दिसते, येताना तोंड.
इनासच्या तोंडाचा विचार कुणी केलाच नव्हता.
एका डोळ्यात मोतीबिंदू, खालचे दात नाहीत,
आणि बघतोय थेट कॅमेऱ्यात,
उधारी मागायला आल्यासारखा.
कट. पुन्हा.
ऊन सरकलं. पुन्हा.
हिरो ‘आलो’ म्हणायच्या आधी शिंकला. पुन्हा.

आणि पुन्हा म्हणजे काय,
येणं घ्यायचं तर आधी जाऊन यायला हवं.
दर वेळी तर वळायची,
दर वेळी तो आमच्यासमोरून निघून जायचा
टोकापर्यंत. ते कुणी घेत नव्हतं.

सहाव्या वेळी कॅमेऱ्यावर फडकं होतं,
वायरवाला पोरगा वडापाव खात होता,
आणि इनासची पाठ निघाली.
बनियन नवा, आतली हाडं तीच,
थोडी डावीकडे झुकलेली.
माझा हात वर गेला.
शेजारी पुण्याहून आणलेली मुलगी,
हिरवा परकर, कमरेला पिना.
तिने विचारलं, काकी, चालू आहे का आता?
नाही, म्हटलं.
तूही हलव.